वाचकांचे प्रश्न : बाईचा हात हलका, मग मजुरीही हलकी का?

गेल्या अंकात घरकामाच्या वाटणीवर आलेल्या लेखात ‘लिंगभाव ही समाजाने घडवलेली गोष्ट आहे आणि पितृसत्तेला तिची गरज असते’ असे एक वाक्य होते. (पितृसत्ता म्हणजे घरात आणि बाहेर सत्ता पुरुषांच्या हाती ठेवणारी समाजाची घडी.) लेखातील बाकी मजकुराबद्दल फारसे कोणी लिहिले नाही. या एका वाक्यावर मात्र नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतील काही रागाने लिहिलेली आहेत, काही मनापासून विचारलेली आहेत. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि लांब पत्रांचा फक्त गाभा ठेवला आहे.

प्रश्न : माझी मुलगी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकते. ती म्हणते, बाईपण आणि पुरुषपण हे शिकवलेले असते. मी दोन मुलांना जन्म दिला आहे आणि बाळंतकळा मला कोणी शिकवल्या नव्हत्या. शरीरातला फरक डोळ्यांना दिसत असताना ‘सगळे समाजाने घडवले’ असे कसे म्हणायचे? (सिडको, नाशिक)

तुमचे आणि तुमच्या मुलीचे भांडण वरवर दिसते तेवढे मोठे नाही. बाळंतकळा समाजाने घडवल्या असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणत असेल तर ते चुकीचे आहे. गर्भाशय असणे, अंगावर दूध येणे या शरीराच्या गोष्टी झाल्या. पण बाळाचे पाजणे आटोपल्यावर त्याची दुपटी कोणी धुवायची, त्याला ताप आला तर कामावरून रजा कोणी टाकायची, आणि पुढे शाळेतल्या पालकसभेला कोणी जायचे, ही यादी कोणत्याही अवयवातून निघत नाही. ती आपण शरीराला जोडतो, इतक्या लहानपणापासून आणि इतक्या सवयीने जोडतो, की जोड दिसेनाशी होते. या जोडलेल्या भागाला अभ्यासक लिंगभाव म्हणतात.

जोड खरोखरच आहे, हे कसे ओळखायचे? तेच काम दुसऱ्या मुलखात कोण करते, ते पाहावे. आपल्या जिल्ह्यात येवल्याला पैठणी विणली जाते. तिथे परंपरेने मागावर पुरुष बसत आला आणि घरातल्या बायका रेशीम उकलणे, कांड्या भरणे अशी हाताखालची कामे करत आल्या; विणणे हे कारागिराचे काम आणि कारागीर म्हणजे पुरुष, असे समीकरण होते. (आता येवल्यात अनेक बायका मागावर बसतात, आणि त्यामुळे पैठणीचा पोत बिघडल्याचे ऐकिवात नाही.) आसामात मात्र खेडोपाडी माग हा बाईचाच. जिला विणता येत नाही ती मुलगी लग्नाला तयार झाली असे तिथे पूर्वी मानत नसत. धोटा तोच, रेशीम तेच, बोटेही माणसाचीच. एका ठिकाणी ते पुरुषाचे कसब ठरले आणि दुसऱ्या ठिकाणी बाईचे वळण. निसर्गानेच वाटणी केली असती, तर ती दोन्हीकडे सारखी निघाली असती.

मराठी रंगभूमीने तर याचे प्रात्यक्षिकच करून ठेवले आहे. बालगंधर्व स्त्रीभूमिका करत, तेव्हा त्यांची साडी नेसण्याची ढब, दागिने, केसांतला गजरा यांचे अनुकरण घरंदाज बायका करीत. एका पुरुषाने अभ्यासाने उभे केलेले बाईपण जन्माने बाई असलेल्यांनी त्याच्याकडून उचलले, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. आपल्या वारकऱ्यांनी ज्ञानेश्वरांना आणि विठ्ठलालाही माउली म्हटले, तेव्हा मायेने सांभाळण्याचा गुण देहाला चिकटलेला नाही, हे त्यांना कोणत्याही ग्रंथाविना कळले होते.

एक गैरसमज मात्र तुमच्या मुलीनेही टाळावा. ‘घडवलेले’ म्हणजे ‘खोटे’ नव्हे. गावाची शीव माणसांनीच आखलेली असते, तरी तिच्यावरून डोकी फुटतात. लिंगभावही तसाच घडवलेला असला तरी अंगाला लागतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. त्यातही असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण मुळातच फार थोडे आहे. ही जवळजवळ साडेतीन तासांची तफावत कल्पनेतली नाही. कोणाची झोप, कोणाचे वाचन, कोणाची नोकरी त्यात गेलेली आहे.

आणखी एक बाजू आहे, जी तुमच्या पत्रात नाही पण तुमच्या मुलीच्या अभ्यासक्रमात नक्की येईल. ज्यांच्या मनाची ओळख जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाशी जुळत नाही, अशी माणसे आपल्या समाजात नेहमीच होती. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क आहे असे मान्य केले. दोनच कप्पे आणि त्यांना कुलूप ही व्यवस्था निसर्गाचीच असती, तर न्यायालयाला त्यात बोलण्याची वेळ आली नसती.

प्रश्न : माझी निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. छाटणीला पुरुष आणि विरळणीला बायका लावतो. पुरुषांना रोज जास्त देतो, कारण त्यांचे काम कसबाचे आहे. हा गावचा दर आहे, मी ठरवलेला नाही. मी कोणावर अन्याय करीत नसताना माझ्या बागेत पितृसत्ता कशाला आणता? (निफाड तालुका)

आपण सरळ विचारले आहे, तेव्हा मीही सरळ लिहितो. दोन्ही कामे शेजारी ठेवून पाहू.

ऑक्टोबरमधल्या गोडी छाटणीत माणूस कात्री घेऊन काडीवरचे डोळे मोजतो आणि नेमक्या जागी कापतो. डोळा चुकला तर घड निघत नाही. हे कसबाचे काम आहे यात शंका नाही. पुढे घडात मणी बारीक असतानाच विरळणी सुरू होते. मांडवाखाली उभे राहायचे, मान मागे टाकायची, हात डोक्याच्या वर धरायचे आणि लहान कात्रीने एकेका घडातले जादा मणी उडवायचे, ठेवायच्या मण्याला टोक न लागता. मणी जास्त राहिले तर ते एकमेकांना दाबतात, फुगवण होत नाही, घड आतून कुजू लागतो. जास्त उडवले तर घड विरळ दिसतो आणि निर्यातीच्या पेटीतून बाहेर काढला जातो. आपल्या मालाला परदेशी बाजारात जो भाव मिळतो तो मण्यांच्या एकसारख्या आकाराला मिळतो, आणि तो आकार सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान वर करून उभ्या राहिलेल्या बायका देतात.

म्हणजे दोन्ही कामांत कात्री आहे, दोन्हींत मोजणी आहे, आणि दोन्हींत चुकीची किंमत बागायतदाराच्या खिशातून जाते. तरी एकाला आपण कसब म्हणतो आणि दुसऱ्याबद्दल म्हणतो, ‘बायकांचा हात मुळातच हलका.’ माझ्या मते सगळा व्यवहार या ‘मुळातच’मध्ये दडलेला आहे. पुरुषाने जे शिकून मिळवले त्याचे पैसे द्यावे लागतात. बाईला जे देवानेच दिले त्याचे कशाला द्यायचे? प्रत्यक्षात पहिल्या हंगामातली पोर आणि दहा हंगाम केलेली बाई यांच्या हातातला फरक आपण रोज पाहता, आणि मुकादमाला ‘जुन्या बायका आण’ असे बजावूनही सांगता. शिकलेल्या गोष्टीला उपजत ठरवणे हे लिंगभावाचे काम. त्या ठरवण्यातून स्वस्त मजूर मिळवणे हे पितृसत्तेचे काम. दोन्हींचा संबंध विचारणाऱ्यांना मी आपली बाग दाखवीन.

जड कामाचा मुद्दाही बागेत फारसा टिकत नाही. फवारणी ट्रॅक्टरवर गेली आहे, आणि खुडणीच्या दिवसांत भरलेले क्रेट वाहणाऱ्यांत बायका नसतात असे आपणही म्हणणार नाही. शिवाय समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालीच झाला. त्याचे शब्द होते ‘समान किंवा त्याच स्वरूपाचे काम’, आणि कामे वेगवेगळ्या नावांनी वेगळी ठेवली की त्यातून वाट निघत असे. गावोगावी तीच काढली गेली.

‘गावचा दर आहे, मी ठरवलेला नाही’ या आपल्या वाक्यावर मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. पितृसत्ता म्हणजे दुष्ट पुरुषांची टोळी नव्हे. कोणी एकट्याने न ठरवलेला आणि तरी सर्वांनी पाळलेला दर, असेच तिचे स्वरूप असते. मात्र त्या दरामागचे गृहीतक एकदा तपासा : बाईची मजुरी ही वरखर्चाची आणि घर चालवणारा दुसरा कोणी आहे. पेठ, सुरगाण्याकडून टोळ्यांबरोबर येणाऱ्या कितीतरी बायकांच्या घरी तो दुसरा कोणी नसतो. आणि जिथे काम एकरी उक्ते, म्हणजे ठरावीक रकमेत पूर्ण करायला दिले जाते, तिथे हात हलका की जड हे कोणी विचारत नाही, जोडप्याला मिळून एकच रक्कम ठरते; पण ती मोजून दिली जाते पुरुषाच्या हातात. निदान या हंगामात ती दोघांच्या हातात निम्मी निम्मी देऊन पाहण्यास आपल्याला गावाची परवानगी लागणार नाही.

प्रश्न : माझ्या संसारात मला जो त्रास झाला तो सासूने दिला, सासऱ्यांनी कधी शब्दानेही दुखावले नाही. मग याला पुरुषांची सत्ता का म्हणायचे? (नाशिक रोड)

सासऱ्यांना शब्दाने दुखावण्याची गरज पडली नाही, कारण ते काम दुसऱ्या कोणावर सोपवलेले होते. वयात आल्यावर परक्या घरी यायचे, तिथे शेवटच्या पायरीवर उभे राहायचे आणि मुलगा होऊन त्याचे लग्न होईपर्यंत वाट पाहायची, असा हा क्रम आहे. तुमच्या सासूबाईंनी तीस-पस्तीस वर्षे वाट पाहून जे थोडेसे मिळवले, ते म्हणजे तुमच्यावरचा अधिकार. तुर्कस्तानी अभ्यासक डेनिझ कांदियोती यांनी १९८८ मध्ये याला पितृसत्तेशी केलेला सौदा म्हटले आणि या सौद्याचे ठळक उदाहरण म्हणून आपल्याकडच्यासारख्या एकत्र कुटुंबातल्या सासूकडेच बोट दाखवले. सौदा करणारी बाई व्यवस्थेची मालकीण नसते. जमीन, घर, बँकेतले खाते कोणाच्या नावावर होते, एवढे आठवून पाहा. त्यांच्या वागण्याची जबाबदारी त्यांचीच आहे आणि तुम्हाला झालेला त्रास यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण सासू बदलून प्रश्न सुटला असता असे मला वाटत नाही.

प्रश्न : मुलगा रात्री अकराला घरी आला तरी आम्ही काही म्हणत नाही, मुलीला मात्र आठच्या आत यावे लागते. हे काळजीपोटी आहे. काळजीलाही पितृसत्ता म्हणणार का? (पंचवटी)

काळजीला नाही. पण काळजीत आणखी काही मिसळले आहे का, हे आपणच तपासू शकता. रस्त्यावरचा धोका हेच कारण असेल तर मुलीला चांगल्या मैत्रिणींच्या सोबतीने किंवा वडिलांच्या गाडीवर उशिरा येऊ देण्यास हरकत नसावी. आणि ज्यांच्यामुळे रस्ता धोक्याचा होतो ते मुलगेच असतात, तेव्हा अकराला घरी येणाऱ्या मुलाला ‘कुठे होतास’ हा प्रश्न अधिक कडक विचारला जायला हवा. सहसा तसे होत नाही. मुलगी दुपारी दोन वाजता भरउन्हात एखाद्या मुलाशी बोलताना दिसली तरी घर हादरते, आणि तिथे अंधाराचे कारण लागू पडत नाही.

ही भीती कशाची, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असताना वाचलेल्या जातिव्यवस्थेवरील निबंधात मांडले होते. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्याने, आणि ते टिकवायचे तर बाईवर पहारा ठेवावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढींकडे त्यांनी त्या पहाऱ्याची साधने म्हणून पाहिले. त्या तीन रूढींतली पहिली संपली, उरलेल्या दोन निदान कायद्यापुरत्या मोडीत निघाल्या. आठची वेळ मात्र राहिली. घराण्याची अब्रू मुलीच्या येण्याजाण्यावर ठरते आणि मुलाच्या ठरत नाही, याचे दुसरे पटेल असे कारण मला सापडलेले नाही. तुमच्या पंचवटीतच काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्यात स्त्रियाही होत्या. बाहेर पडलेल्या बाईला नावे ठेवण्याची रीत तेव्हा आजच्याहून जास्त होती.

एकाच वर्तनाला दोन मापे का, हा प्रश्न आपल्या भाषेत जुना आहे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून समस्त बाईजातीवर चिखलफेक सुरू झाली. त्यावर पुढच्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून विचारले, की जे दोष बायकांचे म्हणून सांगता ते पुरुषांत नाहीत काय. त्या मुलाचा बाप कोण, याची चौकशी त्या गदारोळात कोणाला महत्त्वाची वाटली नव्हती.

प्रश्न : कर्ज पुरुषाने काढायचे, बहिणीचे लग्न पुरुषाने करायचे, आणि रडायचे मात्र नाही. आमच्याबद्दल कधी लिहिणार? (सातपूर)

आपण जे लिहिले आहे ते लिंगभावाबद्दलच आहे. कर्तेपण हे बाईपणाइतकेच शिकवलेले असते. फरक एवढाच, की त्या ओझ्याबरोबर सातबाराही मिळतो. एक ठेवून दुसरे टाकता येणार नाही. यावर स्वतंत्र लेख लिहायचा आहे. तोवर खालचे पत्र जरूर वाचावे.

प्रश्न : वडील मागच्या वर्षी गेले. भाऊ हक्कसोड पत्रावर सही मागतो आहे. तो म्हणतो, तुझ्या लग्नात खर्च केला, दर भाऊबिजेला साडी करतो, आणखी काय पाहिजे? तो वाईट नाही. सही केली नाही तर माहेर तुटेल अशी भीती वाटते. (दिंडोरी तालुका)

आधी कायदा. हिंदू वारसा कायद्यानुसार मुलगी १९५६ पासूनच वडिलांच्या स्वतःच्या वाट्याची पहिल्या वर्गाची वारस आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, पण आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत ती अट राहिली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की २००५ ची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याचीही अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झालेली असेल तर मात्र ती मोडता येत नाही. हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही, म्हणून आपण आदिवासी कुटुंबातल्या असाल तर वकिलाला ते आधी सांगा. लग्नातला खर्च आणि भाऊबिजेच्या साड्या हिश्शातून वजा होत नाहीत. हुंडा दिला असेल तर तो मुळातच १९६१ पासून गुन्हा आहे. त्याची वजावट कोणी मागू नये.

कायदा एवढा स्वच्छ असताना आपल्या जिल्ह्यात हक्कसोड पत्रे होतच असतात, आणि त्यांतली बरीच कोणत्याही धाकाशिवाय होतात. तुमचे पत्र मला त्यामुळेच महत्त्वाचे वाटले. भाऊ वाईट नाही. तो माहेर या शब्दातली सगळी माया समोर ठेवतो, आणि चांगली बहीण कशी असते हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक असल्याने तुम्ही त्याने न मागताही अर्धी सही केलेली असते. चांगल्या भावाच्या व्याख्येत मात्र बहिणीचा हिस्सा देणे बसवलेले नाही. ज्या जमिनीचा एकर काही लाखांवरून कोटीकडे जातो आहे, तिच्या बदल्यात वर्षाला एक साडी, हा व्यवहार बाजारात कोणी केला असता तर लोक हसले असते. माहेराच्या उंबऱ्यावर तो पवित्र होतो. इथे लिंगभाव आणि मालकी यांची गाठ अगदी उघडी दिसते.

नोव्हेंबर १९८६ मध्ये याच जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते आणि लाखोंच्या संख्येने शेतकरी बायका आल्या होत्या. त्यानंतर संघटनेने लक्ष्मीमुक्ती नावाची मोहीम चालवली. शेतकऱ्याने राजीखुशीने बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करावा, असे तिचे स्वरूप होते आणि अनेकांनी तसे केलेही. बायकोपर्यंत गाडी पोहोचली. बहिणीपर्यंत अजून पोहोचायची आहे.

तुम्ही काय करावे, हे मी ठरवू शकत नाही. पण सही किंवा भांडण एवढे दोनच पर्याय नाहीत. वारस नोंदीत तुमचे नाव सातबारावर राहू द्या आणि जमीन भावालाच कसू द्या. त्याने त्याचे काही बिघडत नाही. हिश्शाहून कमी क्षेत्र घेऊन तडजोड करता येते, हिश्शाची रक्कमही ठरवता येते. सही करायचेच ठरले तर ते पत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदले जाते, आणि एकदा नोंदले की फसवणूक किंवा जबरदस्ती न्यायालयात सिद्ध केल्याशिवाय सहसा फिरत नाही. म्हणून त्यात कोणकोणते गट नंबर घातले आहेत ते स्वतः वाचा. एका गटाचे बोलणे करून सगळ्यांवर सही घेतली जाते. सातबारा महाभूलेखच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील बदलाची, नोटीस तुमच्या सासरच्या पत्त्यावर यावी, यासाठी तलाठ्याकडे पत्ता लेखी देऊन ठेवा. ती माहेरी गेली तर तुमची हरकत घेण्याची मुदत तुम्हाला न कळताच संपेल.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. आई हयात असतील तर या जमिनीत त्यांचाही वाटा आहे. हक्कसोड पत्रावर बहुतेक वेळा पहिली सही त्यांचीच घेतली जाते आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. भावाशी बोलण्याआधी त्यांच्याशी बोला.